तळं भरायचं कुणाच्या पाण्यानं? जालना जिल्ह्यातल्या एका शेततळ्याचं प्रकरण

हे प्रकरण जालना जिल्ह्यातल्या एका कुटुंबाचं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. दोघे भाऊ, लग्न होऊन गेलेली बहीण, ओढ्याच्या खालच्या अंगाला जमीन असलेले एक वयस्क शेजारी, ज्यांना सगळे आबा म्हणतात, आणि सरकारी अनुदानातून झालेलं तीस बाय तीस मीटरचं शेततळं, एवढाच पसारा. अनुदान वेळेत मिळालं, काम नियमाप्रमाणे झालं, कुणी कुणाचे पैसे खाल्ले नाहीत. तरीही पहिल्याच वर्षी भांडण ग्रामपंचायतीपर्यंत गेलं. सगळं कागदोपत्री बरोबर असूनही असं का झालं, हे त्यातून दिसतं, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

एकाच गटात नऊ एकर जमीन. वरचे तीन एकर हलके, मुरमाड आणि उताराचे. मधल्या पट्ट्यात दोन एकर मोसंबी. खाली ओढ्यापर्यंत काळी, तिच्यात कापूस, सोयाबीन, तूर. विहीर ओढ्याच्या काठाला. आबांची विहीरही त्याच ओढ्यावर, हाकेच्या अंतरावर खाली.

आधीची मोसंबीची बाग २०१२-१३च्या दुष्काळात गेली होती. त्या वर्षी जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागांना सरणाची कळा आली होती, लोकांनी वाळलेली झाडं जेसीबी लावून उपटली. वडिलांनी दोन-तीन वर्षांनी हट्टानं पुन्हा न्यूसेलर जातीची मोसंबी लावली. २०१८च्या दुष्काळानंतरचा उन्हाळा त्यांनी टँकर विकत घेऊन काढला. बाग वाचली, पण फळ आलं नाही आणि डोक्यावर उसनवारी राहिली. पुढे वडील गेले. सातबाऱ्यावर दोन्ही भाऊ आणि बहीण अशी तीन नावं सामाईक लागली.

जिल्ह्याचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. आकडा वाईट नाही. पण खाली बेसॉल्टचा कातळ, त्याच्या भेगांत आणि वरच्या कुजलेल्या मुरमात मावेल तेवढंच पाणी. विहीर श्रावण-भाद्रपदात काठोकाठ येते आणि फेब्रुवारीत तळ दाखवते. या भागात शेतकरी शेततळ्याकडे वळतो तो याच कारणानं: पावसाळ्यातलं पाणी उन्हाळ्यापर्यंत कुठंतरी धरून ठेवायचं असतं.

अडचण नेमकी काय होती

भावांच्या मते अडचण सरळ होती: मार्च ते मे बागेला पाणी नाही. बांधावरून चालून पाहिलं की दुसरीही एक दिसायची. वरच्या तीन एकरांत मधोमध ओघळ पडली होती, गुडघाभर खोल. जोराचा पाऊस झाला की वरचं पाणी त्या ओघळीनं धावत ओढ्याला मिळायचं आणि जाताना माती घेऊन जायचं. एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण चार हजार लिटर पाणी. तासाभरात पन्नास मिलिमीटर कोसळला तर तीन एकरांवर सहा लाख लिटर पडतं. ओघळ वाहती असली की त्यातलं जमिनीत थोडंच मुरतं.

म्हणजे साठवण कमी होती आणि मुरणंही कमी होतं. शेततळ्यानं पहिली अडचण सुटते. दुसरीला बांध लागतात. भावांनी पहिलीच धरली, कारण तिच्यासाठी अर्ज कुठं करायचा हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

कोणते पर्याय होते

नवीन बोअर मारणं हा पहिला विचार. धाकट्याचा त्यावर जोर होता. पण त्याच शिवारात अलीकडे मारलेल्या बोअरमधून नुसती माती उडालेली सगळ्यांनी पाहिली होती, आणि बोअर कोरडा गेला तर त्याचे पैसे कुणीच देत नाही. तो बेत दादांनी मोडून काढला.

दुसरा पर्याय बाग काढून टाकण्याचा. त्यावर घरात कुणी बोललंच नाही.

तिसरा पर्याय शेततळ्याचा. २०१६मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ आली तेव्हा अनुदान जास्तीत जास्त ५० हजार होतं. पुढे मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत वैयक्तिक शेततळ्याला आकारमानानुसार ७५ हजारांपर्यंत देऊ केलं गेलं. तेव्हा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, नंतर सोडत, पूर्वसंमती, आखणी, खोदाई, मोजमाप आणि शेवटी पैसे थेट खात्यात. म्हणजे आधी खर्च आपला. अनुदान खोदाईचं, आत अंथरायच्या प्लास्टिकच्या कागदाचं प्रकरण वेगळं.

शेततळ्यातही दोन जाती आहेत आणि योजनेत दोन्ही बसतात. एक इनलेट-आउटलेटचं: उताराच्या खालच्या टोकाला खोदायचं, शेतातून वाहून येणारं पाणी आत घ्यायचं, जास्तीचं सांडव्यानं बाहेर काढायचं. दुसरं इनलेट-आउटलेट नसलेलं: चारी बाजूंनी भराव, आत पाचशे मायक्रॉनचा कागद, आणि भरायचं मोटारीनं. लोकांना दुसरं आवडतं, कारण ते गळत नाही आणि सोयीच्या जागी करता येतं. पण त्यात पाणी आपसूक येत नाही, दुसरीकडून उचलून आणावं लागतं.

चौथा पर्याय गावात कुणाच्या तोंडी नव्हता: आधी वरच्या तीन एकरांची बांधबंदिस्ती, ओघळीत दगडी बांध, पाझर तलावातला गाळ हलक्या रानात, आणि या सगळ्यानंतर लहानसं तळं. खर्च कमी, पण दिखाऊ काही नाही. शिवाय तीन-चार कामांना तीन-चार दारं ठोठवावी लागतात.

दोघे भाऊ कडवंची पाहून आले होते. त्या गावातली द्राक्षं आणि शेततळी पाहून कुणाचेही डोळे दिपतील. पण तिथं १९९०च्या दशकाअखेरीस इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं माथ्यापासून चर आणि बांध झाले. तळ्यांची गर्दी त्यानंतरची. आता जाणाऱ्याला तळी दिसतात. चर बुजून गवताखाली गेलेले असतात, ते मुद्दाम कुणी दाखवलं तरच कळतात.

पहिला निर्णय: बहिणीची सही

सामाईक सातबारा असल्यावर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. भावांना वाटलं, ताई दिवाळीला आली की सही करेल, जमलं तर त्याच वेळी हक्कसोडही करून घेऊ. ताईनं हक्कसोडीला साफ नकार दिला आणि संमतीपत्रावरही लगेच सही केली नाही.

तिचं म्हणणं असं: “दादा, तळ्यात चौदा गुंठे जाणार. ते कुणाच्या वाट्यातले? उद्या वाटणी झाल्यावर खड्डा माझ्या वाट्याला आणि पाणी तुमच्या, असं नको.”

घरात हे कुणाला आवडलं नाही. वहिनींनी बोलणं टाकलं. पण ताईचा हिशोब बरोबर होता. तीस बाय तीसचं तळं म्हणजे आतलाच पृष्ठभाग नऊ गुंठे, भराव आणि फिरायची वाट धरली की चौदाच्या घरात. नऊ एकरांत ते छोटं नाही.

बरीच ये-जा झाल्यावर वाटणी लिहून काढली गेली: प्रत्येकी तीन एकर, तळ्याची जागा दादांच्या हिश्श्यात, तळ्यातल्या पाण्यावर तिघांचा हक्क. आधी मुद्रांकावर, मग तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५खाली रीतसर. या खटाटोपात एक मोसम गेला. धाकटा आजही म्हणतो की ताईमुळं वर्ष वाया गेलं. मला तसं वाटत नाही, कारण पुढं वेगळे आठ-अ, म्हणजे जमिनीच्या खात्याचे उतारे, झाल्यावर तिघेही अल्पभूधारक ठरले. नऊ एकरांच्या एकत्र खात्यावर ते बसत नव्हते. गाळाच्या अनुदानात त्याचा थेट उपयोग झाला, तो खाली येईल.

दुसरा निर्णय: तळ्याची जागा

सगळं प्रकरण इथं फिरलं, म्हणून यावर थोडं थांबतो.

कृषी सहायकांनी पहिली आखणी खालच्या कोपऱ्यात केली होती, ओढ्याच्या अलीकडे, इनलेट ठेवून. शेतातलं पाणी तिकडंच उतरतं. भावांना ती पटली नाही. त्यांची कारणं खरी होती. शेतीची थ्री फेज वीज कितीतरी दिवस रात्रीची असते. तळं बागेच्या वरच्या अंगाला असेल तर ठिबकला उतारानं पाणी जातं, रात्री साप-विंचवात मोटर चालू करायला जावं लागत नाही. शिवाय खालची काळी जमीन तळ्यात घालवायला जीव होत नव्हता. वरचा मुरूम तसाही पिकत नाही.

“साहेब, वर घेऊ द्या, पाणी आम्ही भरतो,” असं दादा म्हणाले. साहेबांनी नियम पाहिला. इनलेट नसलेलं तळं चालत होतं. आखणी वर सरकली.

तळ्याचा आकारही त्याच बैठकीत ठरला: मोठाच. तीस बाय तीस बाय तीन, बाजूला एकास एक उतार, म्हणजे २१९६ घनमीटर, जवळपास बावीस लाख लिटर. वीस बाय वीस घेतलं असतं तर ८७६ घनमीटर. अनुदान आकारावर वाढत जातं, त्यामुळं लहान तळं मागणारा अर्जदार मी क्वचितच पाहिला आहे.

पण बावीस लाख लिटर येणार कुठून, हा हिशोब कुणी मांडला नाही. पाच एचपीची मोटर ताशी पंचवीस हजार लिटर देते असं धरलं, तर तळं एकदा भरायला नव्वद तासांच्या जवळ उपसा लागतो. तोही त्याच विहिरीतून, ज्या विहिरीला फेब्रुवारीत पाणी पुरत नाही. पाऊस चांगला असेल, ओढा वाहत असेल, तर विहीर उपसली की लगेच भरते आणि कुणाचं काही जात नाही. ओढा थांबल्यावर उपसलेलं पाणी मात्र आजूबाजूच्या कातळातून ओढलेलं असतं. कातळ सातबारा पाहत नाही.

काय केलं आणि काय झालं

पोकलेन २०२३च्या उन्हाळ्यात लागलं. खोदाई आणि कागद मिळून खर्च अडीच लाखांवर गेला. वहिनींचे दागिने सोनेतारणाला गेले. मोजमाप झालं, फोटो अक्षांश-रेखांशासह चढले. खोदाईचे पैसे दिवाळीच्या आत खात्यात आले. इथवर तक्रारीला जागा नाही.

पण पावसानं दगा दिला. २०२३चा ऑगस्ट हा देशात १९०१पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबरात थोडा पाऊस झाला, ओढा जेमतेम काही दिवस वाहिला. भावांनी मोटर लावली. ओढा आटला तरी मोटर चालूच राहिली, कारण अडीच लाखांचं तळं समोर अर्धं रिकामं दिसत होतं. महिनाभरात आबांची विहीर खाली गेली. ऑक्टोबरअखेर राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, जालना जिल्ह्यातले तालुकेही त्यात होते.

आबा दारात आले ते शांतपणे. “माझ्या विहिरीचं पाणी तुम्ही वर नेऊन ठेवायलात. उघड्यावर. उन्हात.” धाकटा म्हणाला, विहीर आमची, मोटर आमची, तळं सरकारचं. शेवटचं वाक्य आबांना लागलं. ते ग्रामपंचायतीत गेले.

आबांचं ‘उन्हात’ बरोबर होतं. एप्रिल-मेमध्ये दिवसाला आठ ते दहा मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरलं, तर तळं भरलेलं असताना नऊशे चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून रोज सात ते नऊ हजार लिटर हवेत जातात. बागेत सव्वादोनशेच्या आसपास झाडं. उन्हाळ्यात झाडाला रोज शंभर लिटर धरले तर बावीस हजार लिटर. म्हणजे बागेनं तीन हंडे प्यायले की चौथा सूर्य पितो. भरलेलं तळंही जेमतेम अडीच महिने पुरलं असतं. इथं तर ते निम्मंही भरलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी झाली, थोडा आधार मिळाला. तरी २०२४च्या उन्हाळ्यात बागेतली तीसेक झाडं वाळली. आबांनी त्या वर्षी रब्बीला ज्वारीसुद्धा पेरली नाही.

तिसरा निर्णय: भांडण कुठं न्यायचं

आबांपुढं दोन वाटा होत्या: तहसीलला अर्ज, नाहीतर गावात बसून तोड. अर्जाचा मसुदा तयारही झाला होता. पण त्यात मागायचं काय? विहिरी आणि बोअर यांच्यावर बंधनं घालणारा भूजल कायदा राज्यात आहे. आपल्याच जुन्या विहिरीतून आपल्याच तळ्यात पाणी भरण्यावर बोट ठेवणं त्यात सोपं नव्हतं. ग्रामसेवकांनी ते आबांना स्पष्ट सांगितलं, हे बरं केलं.

बैठकीत वातावरण तापलेलंच होतं. कोंडी फोडली ती ताईनं. ती वाटणीमुळं आता स्वतंत्र खातेदार होती आणि बोलायचा तिला अधिकार होता. तिनं विचारलं, “वरचं पाणी ओघळीनं फुकट जातंय, ते कुणाचं? त्याच्यावरून कुणी भांडलं नाही.”

तिथून बोलणं वळलं. तीन गोष्टी ठरल्या. ओढा वाहता असेल तोवरच तळ्यात उपसा, ओढा थांबला की मोटर बंद. दोन्ही विहिरींना पुनर्भरण, खर्च अर्धा-अर्धा. आणि वरच्या तीन एकरांची बांधबंदिस्ती. त्यातला एक बांध शेजारच्या गटाला लागून असल्यानं तिसऱ्या शेतकऱ्याची समजूत काढावी लागली. सांडव्याचं पाणी आपल्या रानात घुसेल ही त्याची भीती होती. सांडवा दुसऱ्या टोकाला फिरवला तेव्हा तो तयार झाला.

पुनर्भरणाचं काम साधं: ओढ्यातून चर काढून विहिरीशेजारी खड्डा, त्यात खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू. गढूळ पाणी गाळून पाइपानं विहिरीत. ओढ्याचं पाणी थेट विहिरीत सोडलं तर विहीर गाळानं भरते. हे आबांनी पूर्वी करून पाहिलेलं होतं, त्यामुळं या कामावर तेच उभे राहिले.

गाळ वाहून गेला तो प्रसंग

गावाच्या वर रोजगार हमीत झालेला जुना पाझर तलाव आहे, गाळानं निम्मा भरलेला. २०२४च्या उन्हाळ्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’मधून त्याचा गाळ निघाला. अल्पभूधारकांना गाळ पसरवायला घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी १५ हजारांपर्यंत आणि जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी साडेसदतीस हजार असं अनुदान होतं. एकरी चारशे घनमीटर म्हणजे रानात चार इंचांचा थर. वेगळा आठ-अ असल्यानं ताई आणि धाकटा दोघेही त्यात बसले.

मे महिन्यात ट्रॅक्टरच्या खेपा झटपट झाल्या. बांध मात्र अर्धेच झाले होते. जूनचा पहिला मोठा पाऊस रात्री पडला आणि सकाळी ओघळीच्या दोन्ही अंगांचा गाळ गेलेला. खालच्या कपाशीच्या सऱ्यांत तो चिखल होऊन बसला होता. जिथं बांध पूर्ण होता तिथं गाळ जागचा हलला नाही. एकाच रानात, एकाच रात्रीत झालेला हा फरक पाहून धाकट्यानं पुढचे बांध कुणाच्या मागे न लागता स्वतः पूर्ण केले.

निकाल

२०२४ला पाऊस भरपूर झाला. सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीच झाली. ओढा दिवाळीपर्यंत वाहत होता, तळं काठापर्यंत भरलं, मोटर ठरल्याप्रमाणे बंद झाली. आबांची विहीर नेहमीपेक्षा उशिरा खाली गेली. पुनर्भरणानं, बांधानं की नुसत्या पावसानं, हे एका वर्षावरून सांगता येत नाही. जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. चांगल्या पावसाच्या वर्षी कराराचीही परीक्षा होत नाही.

बाग आता पावणेदोन एकरांच्या आसपास आहे. वाळलेल्या झाडांच्या जागी नवीन लावायचं नाही असं दादांनी ठरवलं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात मोठी गोष्ट क्रमाची. बांध आधी, गाळ नंतर, तळं शेवटी असं झालं असतं तर कदाचित वीस बाय वीसचं तळंही पुरलं असतं. अर्धा खर्च वाचला असता आणि दागिनेही घरात राहिले असते. पण प्रत्येक कामाचा अर्ज वेगळा, सोडत वेगळी, वर्ष वेगळं होतं. ज्याची पूर्वसंमती आधी येते ते काम आधी होतं. शेतकऱ्याला यात दोष देणं मला अवघड वाटतं. पाणलोटाचं काम माथा ते पायथा करायचं हे शासनाचंच जुनं सूत्र आहे, पण वैयक्तिक लाभाच्या योजनेत माथा एकाचा आणि पायथा दुसऱ्याचा होतो.

जागेबाबत भाऊ पूर्ण चुकले असं मी म्हणणार नाही. रात्रीच्या विजेचं कारण खरं आहे. पण खाली इनलेटचं लहान तळं आणि सौर पंप, हा मेळ त्यांच्यापुढं कुणी ठेवलाच नाही.

बहाराचा, म्हणजे झाडाला कोणत्या हंगामात फूल येऊ द्यायचं याचा, विचार तर फारच उशिरा झाला. आंबे बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं, म्हणजे भर उन्हाळ्यात झाडावर फळ असतं आणि पाणी तेव्हाच नसतं. मृग बहार धरला तर एप्रिल-मेमध्ये बाग ताणावर असते, म्हणजे तिचं पाणी तोडलेलं असतं, फूल पावसावर येतं आणि फळ उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतं. पाण्याची मोठी गरज त्यामुळं मार्चच्या अलीकडे येते, जेव्हा विहिरीला थोडा तरी जीव असतो. धोका आहेच: पाऊस लांबला तर ताण जास्त होतो, ऑगस्टात खंड पडला तर फळगळ. तरीही हा बदल फुकटात होणारा होता. तळ्याच्या अर्जाआधी बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रात एक चक्कर मारली असती तर हे तेव्हाच समोर आलं असतं. २०२५पासून अर्ध्या बागेवर मृग धरून पाहायचं ठरलं आहे.

आणि पूर्वसंमतीच्या टप्प्यावर एक साधा प्रश्न हवा: हे तळं कोणत्या महिन्यात, कोणत्या पाण्यानं भरणार? इनलेट नसलेलं तळं मागणाऱ्याला तरी तो विचारावा, आणि खालच्या विहिरीवाल्याला ते आधी कळावं. आबांना खोदाईच्या वेळी कुणी विचारलं असतं तर त्यांनी ओढा वाहता असेपर्यंतची अट तेव्हाच घातली असती आणि ती मान्यही झाली असती, कारण तोवर कुणाचे अडीच लाख गुंतलेले नव्हते.

करारातलं एक कलम अजून अडलेलं आहे. दुष्काळ जाहीर झाला तर तळ्यातलं पाणी जनावरांसाठी आबांनाही द्यायचं, असं ताईनं सुचवलं होतं. दादा तयार आहेत. धाकटा म्हणतो, कागदाचं अनुदान येऊ द्या, मग बघू.